मिडशिपमन ते सब-लेफ्टनंट: नौदल अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा आणि पहिल्या हुद्द्यांचा इतिहास

सप्तशृंग

४ डिसेंबरच्या नौदल दिनानिमित्त नाशिकरोडच्या एका वाचनालयात तक्त्यांचं प्रदर्शन लावायचं ठरलं आहे. विषय आहे, नौदलाचा अधिकारी कसा घडतो आणि त्याचे सुरुवातीचे हुद्दे कोणते. बघायला येणारी मुलं आठवी ते बारावीची.

आपल्या गावात सैन्य म्हटलं की तोफखाना. देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडचं आर्टिलरी सेंटर, गांधीनगरचं लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्र. भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून आहे आणि आता मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थाही सुरू झाली आहे. त्यामुळे लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर ही उतरंड मुलांना तोंडपाठ असते. नौदलाचं मात्र 'कॅप्टन म्हणजे कॅप्टनच ना?' इथूनच सुरू होतं.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मिडशिपमन हा मुळात अधिकारी होता की खलाशी? अधिकाऱ्यांचं शिक्षण जहाजावर सुरू झालं की शाळेत? आणि आज भारतात कॅडेटपासून पुढचा क्रम नेमका कसा आहे? वर्षं आणि आकडे पक्के हवेत, कारण तक्त्यावर एकदा रंगवलेलं बदलता येत नाही.

शिडाचा_दोर

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्र लिहितो.

सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारात मिडशिपमन हा अनुभवी खलाशी असे. जहाजाच्या मधल्या भागात त्याचं काम, म्हणून ते नाव. तो अधिकारी नव्हता. अधिकारी व्हायचे दोन मार्ग होते. खलाशीगिरी करत वर चढायचं, नाहीतर घराणं मोठं असेल तर दरबारातून थेट लेफ्टनंट म्हणून यायचं. दुसऱ्या मार्गाने आलेल्यांना बहुधा वाराही कळत नसे आणि दोरही.

१६७७ साली सॅम्युअल पेपीस या आरमार खात्याच्या सचिवाने लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा सक्तीची केली. वय किमान २०, समुद्रावर किमान ३ वर्षं आणि त्यातलं एक वर्ष मिडशिपमन म्हणून. पुढे ही अट ६ वर्षं समुद्रावर आणि त्यात २ वर्षं मिडशिपमन किंवा मेट (जहाज चालवण्यातला मदतनीस) अशी झाली. राजाच्या मर्जीतल्या पोरालाही आता दोर ओढल्याशिवाय लेफ्टनंट होता येईना. त्यामुळे मिडशिपमनच्या जागेवर दोन प्रकारची माणसं शेजारी शेजारी आली. एकीकडे चाळिशीतला खलाशी आणि दुसरीकडे चौदा वर्षांचा जमीनदाराचा मुलगा. हळूहळू मुलं वाढली, जुने खलाशी कमी झाले आणि ती जागा 'अधिकारी होऊ घातलेल्याची' ठरली. नियमाने कुणी हुद्दा निर्माण केला नाही, परीक्षेच्या अटीतून तो घडला. तक्त्यावर हे वाक्य ठळक लिहा.

परीक्षा तोंडी असे, तीन वरिष्ठ कप्तानांपुढे. उत्तीर्ण झाल्याच्या दाखल्यावर ठरीव मजकूर असे: दोर जोडता येतो, गाठी मारता येतात, शीड आखडता येतं, जहाज वाऱ्यावर चालवता येतं, भरती-ओहोटीचं गणित येतं, मर्केटरच्या पद्धतीने जहाज कुठवर आलं याचा हिशेब ठेवता येतो, सूर्य-ताऱ्यांचा वेध घेता येतो आणि होकायंत्राची चूक काढता येते. मुलांना हीच यादी दाखवा. यातलं प्रत्येक कलम हाताने करून दाखवायचं आहे.

आता नियम कसे वाकवले जात तेही सांगायला हवं. कप्तानाला जहाजावरच्या दर १०० माणसांमागे ४ नोकर नेण्याची मुभा होती. या 'कप्तानाच्या नोकरां'च्या नावाखाली नात्यातली आणि ओळखीतली मुलं भरली जात. काही तर जहाजावर नसतच, नुसतं हजेरीपटावर नाव. थॉमस कॉक्रेन १७९३ मध्ये प्रत्यक्ष जहाजावर गेला, पण काकाच्या कृपेने लहानपणापासूनच त्याचं नाव जहाजांच्या पटावर होतं. म्हणजे 'सहा वर्षं समुद्रावर' ही अट त्याच्यासाठी कागदावर आधीच भरत आली होती. वयाचंही तसंच. नेल्सन एप्रिल १७७७ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा तो १८ वर्षांचा होता आणि दाखल्यावर २० च्या वर लिहिलं आहे. मंडळावर त्याचा मामा मॉरिस सकलिंग होता. १७९४ मध्ये 'कप्तानाचा नोकर' हा प्रकार बंद करून 'स्वयंसेवक, पहिला वर्ग' ही जागा केली. तेव्हा कुठे अधिकारी होणारी मुलं आणि साधी पोरं पटावर वेगळी दिसू लागली.

गंगापूर_रोड

दादा, मग शाळा कुठे आली यात? सगळं जहाजावरच शिकत असतील तर गणित शिकवायचं कोण?

शिडाचा_दोर

ताई, १७०२ पासून मोठ्या जहाजांवर शाळामास्तर नेमायला सुरुवात झाली. त्रिकोणमिती आणि नौकानयन शिकवायला. पण वर्ग भरायचा तोफांच्या मजल्यावर, पडदा लावून. पगार कमी, मान त्याहून कमी, आणि विद्यार्थ्याला कोणत्याही क्षणी डोलकाठीवर चढायचा हुकूम. त्यामुळे शिकणं ज्याच्या त्याच्या कप्तानावर अवलंबून राहिलं.

जमिनीवरची शाळा पोर्ट्समथला १७३३ मध्ये उघडली, ४० मुलांची. तिथला काळ समुद्रावरच्या सेवेत धरला जाई, दोन वर्षांपर्यंत. तरीही जागा भरत नसत. कारण सरळ आहे. बढती कप्तानाच्या हातात, आणि कप्तानाला स्वतः निवडलेला मुलगा हवा. शाळेतून आलेला मुलगा कुणाचाच नसे. १८०६ मध्ये तिचं रॉयल नेव्हल कॉलेज झालं आणि १८३७ मध्ये ती बंदच केली. त्यानंतर वीस वर्षं इंग्लंडमध्ये नौदल कॅडेटसाठी एकही शाळा नव्हती. ज्या देशाचं आरमार तेव्हा जगात सर्वांत मोठं, त्या देशात!

१८५७ मध्ये 'इलस्ट्रियस' या नांगरलेल्या जहाजावर पुन्हा सुरुवात झाली, १८५९ मध्ये शाळा 'ब्रिटानिया'वर गेली आणि १८६३ मध्ये ते जहाज डार्टमथला आणलं. शाळा, पण जहाजातली. तडजोड अशी. डार्टमथच्या टेकडीवरची दगडी इमारत १९०५ ची.

फ्रान्सची वाट उलटी. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६७० मध्येच 'गार्द द ला मरीन' म्हणजे उमराव मुलांच्या तुकड्या उभ्या केल्या आणि पुढे ब्रेस्त, रोशफोर, तूलाँ इथे त्यांच्या शाळा चालल्या. गणित उत्तम, नृत्य आणि तलवारही, पण समुद्र कमी. रशियात झार पीटरने १७०१ मध्ये मॉस्कोत, समुद्रापासून शेकडो मैल आत, गणित आणि नौकानयनाची शाळा काढली. नाशिकच्या मुलांना हे जरूर सांगा.

देवळाली_कॅम्प

लष्कराच्या बाजूने भर घालतो, कारण तुलनेशिवाय नौदलाचं वेगळेपण कळत नाही.

ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात हुद्दे विकत मिळत. पायदळातल्या एन्साइनची सरकारी किंमत ४५० पौंड, लेफ्टनंट ७००, कॅप्टन १,८००. वरचा हुद्दा घेताना आधीचा विकून फरक भरायचा. एन्साइन हा पायदळातला सर्वांत खालचा अधिकारी, पलटणीचा झेंडा धरणारा. घोडदळात त्याच जागी कॉर्नेट. ही विक्री १८७१ मध्ये बंद झाली.

तोफखान्यात आणि इंजिनिअर्समध्ये मात्र हुद्दे कधीच विकले गेले नाहीत. त्यांच्यासाठी १७४१ पासून वुलविचला अकादमी होती, कारण गोळ्याचा मार्ग आणि भिंतीचा कोन पैशाने कळत नाही. नौदलातही विक्री नव्हती. म्हणजे जिथे गणित चुकलं की माणसं लगेच मरतात, तिथे परीक्षा आधी आली. देवळालीच्या गावातल्या मुलांना हा धागा चटकन कळेल.

एक गोंधळाची जागा आधीच दाखवून ठेवतो. १८७१ ते १८७७ या काळात ब्रिटिश लष्करातही 'सब-लेफ्टनंट' होते. एन्साइन आणि कॉर्नेट काढून तो हुद्दा आणला आणि सहा वर्षांत तो जाऊन 'सेकंड लेफ्टनंट' आला. जुन्या कागदात त्या वर्षांतला सब-लेफ्टनंट दिसला तर तो नौदलाचाच असं धरू नका.

तांडेल

नौदलातला सब-लेफ्टनंट १८६१ चा. त्याआधी परीक्षा उत्तीर्ण पण लेफ्टनंटची जागा रिकामी नाही, असा माणूस 'मेट' म्हणून थांबत असे, कधी कधी दहा-दहा वर्षं. नेपोलियनची युद्धं संपल्यावर जहाजं कमी झाली आणि अशा मेट लोकांची गर्दी झाली. १८४० मध्ये मेट हा अधिकृत हुद्दा झाला आणि १८६१ मध्ये त्याचं नाव सब-लेफ्टनंट. त्याच वर्षी बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांची आज ओळखीची मोजणी बसली: सब-लेफ्टनंट १, लेफ्टनंट २, कमांडर ३, कॅप्टन ४. लेफ्टनंट-कमांडरची अर्धी पट्टी नंतरची. १८७७ मध्ये ८ वर्षं झालेल्या लेफ्टनंटला ती मिळाली आणि १९१४ मध्ये त्या अर्ध्या पट्टीला स्वतंत्र हुद्द्याचं नाव मिळालं.

अमेरिकेत हीच तुंबलेली रांग 'पास्ड मिडशिपमन' म्हणून १८१९ पासून होती. तिथे शाळा यायला एक भयानक घटना कारण ठरली. १ डिसेंबर १८४२ रोजी 'सोमर्स' या प्रशिक्षणाच्या जहाजावर फिलिप स्पेन्सर या मिडशिपमनला दोन खलाशांसह बंडाच्या संशयावरून फाशी दिलं, रीतसर कोर्टमार्शल न करता. तो युद्धमंत्र्याचा मुलगा होता. मुलांना थेट जहाजावर पाठवणं योग्य का, हा प्रश्न देशभर गाजला. १० ऑक्टोबर १८४५ रोजी अ‍ॅनापोलिसला शाळा उघडली, ५० मिडशिपमन आणि ७ शिक्षक.

शिडाचा_दोर

तांडेल, सोमर्स हे निमित्त. खरा दाब वाफेचा होता. १८४० च्या दशकात बाष्पयंत्राची जहाजं आली आणि बॉयलर, दाब, कोळशाचा खप हे डोलकाठीवर चढून शिकता येत नव्हतं. शिवाय जॉर्ज बॅन्क्रॉफ्ट या नौदल मंत्र्याने काँग्रेसकडे नवा पैसा मागितलाच नाही. लष्कराचा फोर्ट सेव्हर्न हा किल्ला मागून घेतला आणि आधीच पगारावर असलेले शिक्षक तिथे आणले. अशी मागणी त्याआधी पुन्हा पुन्हा फेटाळली गेली होती, म्हणून त्याने ही वाट काढली.

तांडेल

वाफेचा मुद्दा मान्य, आणि तो आपल्याकडेही लागू होतो. ब्रिटिश आरमारात इंजिनिअर अधिकारी वेगळे वाढले, वेगळ्या शाळेत शिकले आणि जेवणाच्या टेबलावरही वेगळे मानले गेले. डिसेंबर १९०२ मध्ये अ‍ॅडमिरल फिशर आणि नौदल मंत्री सेल्बोर्न यांच्या योजनेने सर्व कॅडेट एकाच दारातून घ्यायचं ठरलं आणि १९०३ मध्ये ऑस्बोर्नचं कॉलेज निघालं, साडेबारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी. १९१३ पासून शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या अठरा वर्षांच्या मुलांसाठी वेगळा प्रवेश सुरू झाला. आपल्याकडचा बारावीनंतरचा प्रवेश या दुसऱ्या वळणाचा आहे.

भारताचं सांगतो. मराठा आरमाराला तक्त्यात छोटा रकाना द्या. दर्यासारंग, मायनाक भंडारी, कान्होजी आंग्र्यांचं सरखेलपद (आरमारप्रमुखाचं पद), आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण. तिथलं शिक्षण तांडेलाच्या (खलाशांच्या म्होरक्याच्या) हाताखाली, जहाजावरच होतं. लेखी परीक्षेची उतरंड तिथे शोधू नका.

इंग्रजी काळात १९२८ पर्यंत भारतीय मुलाला नौदलात अधिकारी म्हणून दारच बंद होतं. १९२७ मध्ये मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षणाचं जहाज सुरू झालं, पण ते व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांसाठी. त्याच्या पहिल्याच तुकडीतले राम दास कटारी पुढे २२ एप्रिल १९५८ रोजी भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९२८ मध्ये डी. एन. मुखर्जी इंजिनिअर सब-लेफ्टनंट म्हणून रॉयल इंडियन मरीनमध्ये घेतले गेले. कमिशन मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच मरीनचं २ ऑक्टोबर १९३४ रोजी रॉयल इंडियन नेव्ही झालं.

स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनला तिन्ही दलांचं एकत्र प्रशिक्षण सुरू झालं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) पायाभरणी ६ ऑक्टोबर १९४९ ची आणि उद्घाटन १६ जानेवारी १९५५ चं. सुरुवातीची काही वर्षं नौदलाची मुलं पुढच्या शिक्षणाला डार्टमथला जात. स्वतःची नेव्हल अकादमी १९६९ मध्ये कोचीनला निघाली, १९८६ मध्ये गोव्यात आयएनएस मांडवीवर गेली आणि ८ जानेवारी २००९ रोजी केरळात एळिमलाच्या कायम जागेचं उद्घाटन झालं.

सप्तशृंग

फारच भरीव. आता आजचा क्रम सांगा. मुलं हेच आधी विचारणार.

तांडेल

मुख्य दारं अशी. बारावी (भौतिक, रसायन, गणित) नंतर यूपीएससीची एनडीए परीक्षा. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६०० गुण, मग एसएसबीचे (सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीचे) ९०० गुण. गणितात चुकलेल्या उत्तराला ०.८३ गुण जातात, सामान्य क्षमतेत १.३३. अंदाजाने ठोकणारी मुलं इथेच मागे पडतात. निवड झाली की खडकवासल्याला ३ वर्षं, मग एळिमलाला १ वर्ष. दुसरं दार बारावीनंतरच्या बी. टेक. प्रवेशाचं. जेईई मेनच्या क्रमांकावरून एसएसबीला बोलावतात आणि चारही वर्षं एळिमलाला. त्यासाठी भौतिक, रसायन, गणित मिळून किमान ७० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के लागतात. तिसरं दार पदवीधरांचं. एनडीएचं दार मुलींना २०२२ पासून उघडलं आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या.

आता हुद्दे. जुन्या पद्धतीत एनडीएनंतर सहा महिने कॅडेट म्हणून प्रशिक्षणाच्या जहाजावर, मग सहा महिने मिडशिपमन म्हणून ताफ्यातल्या जहाजावर, मग मंडळापुढे परीक्षा आणि मग सब-लेफ्टनंट. आज कमिशन एळिमलाच्या पासिंग आउट परेडलाच मिळतं आणि मुलगा किंवा मुलगी सब-लेफ्टनंट म्हणून समुद्रावर जाते. बी. टेक. पुरं करून बाहेर पडणाऱ्यांच्या नावामागे त्या दिवशी 'मिडशिपमन' लागतं, पदवीनंतर आलेल्यांच्या मागे 'कॅडेट'. एकाच परेडच्या बातमीत दोन्ही शब्द दिसतात ते यामुळे.

समुद्रावरचं शिक्षण कोचीच्या पहिल्या प्रशिक्षण ताफ्यावर, २४ आठवडे. त्यात आयएनएस तीर आहे आणि 'तरंगिणी' (१९९७), 'सुदर्शिनी' (२०१२) ही शिडाची जहाजंही. त्यानंतर लढाऊ जहाजांवर नेमणूक.

आणि इथे माझा मुख्य मुद्दा. हुद्दा मिळाला म्हणजे जहाज हाती मिळालं असं नाही. ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या खोलीत) एकट्याने जबाबदारी घ्यायला वॉचकीपिंगचं, म्हणजे पाळीत जहाज सांभाळण्याचं, प्रमाणपत्र लागतं आणि ते सब-लेफ्टनंट झाल्यावर वेगळ्या परीक्षेने मिळतं. कप्तान रात्री झोपतो ते त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर. १६७७ ची परीक्षा पुढे इथे सरकली आहे, एवढंच. तक्त्यावर पट्ट्या रंगवाल तेव्हा या प्रमाणपत्राची वेगळी चौकट काढा, नाहीतर मुलांना वाटेल की परेड झाली आणि शिक्षण संपलं.

देवळाली_कॅम्प

लष्करातही तेच. कमिशन डेहराडूनला किंवा चेन्नईला, पण तोफखान्याचा लेफ्टनंट देवळालीला यंग ऑफिसर्स कोर्स करतो तेव्हा कुठे तोफ आणि निरीक्षण शिकतो.

बरोबरीचे हुद्दे असे लिहा. नौदलाचा सब-लेफ्टनंट म्हणजे लष्कराचा लेफ्टनंट म्हणजे हवाई दलाचा फ्लाइंग ऑफिसर. नौदलाचा लेफ्टनंट म्हणजे लष्कराचा कॅप्टन. लेफ्टनंट-कमांडर म्हणजे मेजर. नौदलाचा कॅप्टन म्हणजे लष्कराचा कर्नल. बढती सेवेच्या वर्षांवर: २ वर्षांनी नौदलात लेफ्टनंट, ६ वर्षांनी लेफ्टनंट-कमांडर, १३ वर्षांनी कमांडर. सेकंड लेफ्टनंट हा हुद्दा आता आपल्याकडे नाही. जुन्या तक्त्यांवरून नक्कल केली की तो हमखास शिरतो, तेवढं सांभाळा.

गंगापूर_रोड

मुलांना हाताने करायला काही देता येईल का? नुसते तक्ते वाचून मुलं पुढे जातात. दाखल्यावरची ती यादी वाचून वाटलं, त्यातलं एखादं तरी नाशिकमध्ये जमावं.

अक्षांश२०

दोन गोष्टी नक्की जमतात, दोर आणि सूर्य.

दोरासाठी १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, तीन पेडी दोर घ्या. प्रत्येक मुलाला दीड मीटर. चार गाठी पुरतात: बोलाइन, क्लोव्ह हिच, रीफ नॉट, शीट बेंड. सगळ्यात जास्त चूक रीफ नॉटची. ती एकाच दोराची दोन टोकं पुडक्याभोवती बांधायला आहे. वेगळ्या जाडीचे दोर तिने जोडले की ताण येताच सुटतात. तिथे शीट बेंड, आणि जाड दोराचा फासा करून त्यातून बारीक दोर फिरवायचा, उलट नाही. पेड विणून जोड करायचा तर काथ्याच्या किंवा मनिलाच्या दोराला ३ फेरे पुरतात, नायलॉनला ५ घ्या. नायलॉन गुळगुळीत असतो, तीन फेऱ्यांवर सरकतो. टोकं आधी चिकटपट्टीने बांधा म्हणजे पेड उसवत नाहीत.

आता सूर्य. सेक्स्टंट क्षितिजापासून सूर्याची उंची मोजतो आणि नाशिकला समुद्राचं क्षितिज नाही. म्हणून ताटात गाडीचं जुनं काळं तेल ओता, साधारण एक सेंटिमीटर खोल. सूर्य आणि तेलातलं त्याचं प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा. पाणी वापरलं तर वाऱ्याच्या झुळकीने प्रतिबिंब फुटतं, तेल शांत राहतं.

पण सेक्स्टंटची पट्टी १२० अंशांच्या आसपास संपते. म्हणजे दुप्पट कोन त्याखाली बसायला हवा, सूर्य ६० अंशांच्या खाली हवा. नाशिकचा अक्षांश जवळजवळ २० उत्तर. २१ मार्चला मध्यान्हीचा सूर्य ७० अंशांवर, दुप्पट १४०, मोजताच येणार नाही. साधारण २० ऑक्टोबर ते २० फेब्रुवारी हाच मध्यान्हीच्या वेधाचा काळ. तुमचं प्रदर्शन डिसेंबरात आहे, उत्तम. २२ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य ४६.६ अंशांवर असतो आणि दुप्पट ९३.२.

वेळ घड्याळातल्या बाराची धरू नका. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, नाशिक ७३.८ वर. फरक ८.७ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे ३५ मिनिटं. सरासरी मध्यान्ह १२:३५ ला. त्यातही नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं लवकर आणि फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं उशिरा. पंधरा मिनिटं आधीपासून दर दोन मिनिटांनी मोजा. कोन वाढायचा थांबला की तोच मध्यान्हीचा.

हिशेबाचा क्रम महत्त्वाचा. आधी उपकरणाची चूक, मग निम्मे, मग हवेच्या वक्रीभवनाचं वजाबाकीतलं शुद्धीकरण, जे ४६ अंशांवर साधारण १ कला (अंशाचा साठावा भाग) येतं. पुष्कळ जण आधी निम्मे करतात आणि मग उपकरणाची पूर्ण चूक वजा करतात, तिथे उत्तर बिघडतं. उपकरणाची चूक पाहायला काही किलोमीटर दूरच्या डोंगराची कड घ्या. दोन्ही प्रतिमा एका रेषेत आणल्यावर काटा शून्यावर हवा. तो शून्याच्या पुढे, पट्टीवर असेल तर तेवढं वजा, मागे असेल तर मिळवा. सूर्याची दोन्ही बिंबं एकावर एक नेमकी बसवली तर अर्ध्या बिंबाची दुरुस्ती लागत नाही. समुद्रावर मात्र ती लागते, आणि डोळ्याच्या उंचीचीही. ९ मीटर उंच ब्रिजवरून क्षितिज ५.३ कलांनी खाली दिसतं.

शेवटी अक्षांश म्हणजे ९० वजा उंची, अधिक सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून सूर्य किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन). डिसेंबरात क्रांती दक्षिणेची, म्हणून उणे. ९० − ४६.६ − २३.४ = २०. एका कलेची चूक म्हणजे १.८५ किलोमीटर. पहिल्यांदा करणाऱ्याचं उत्तर दहा कलांच्या आत आलं तरी पुष्कळ.

सूर्याकडे बघताना काळ्या काचा दोन्ही बाजूंच्या लावा, वरच्या आरशापुढच्या आणि क्षितिजाच्या आरशापुढच्याही. तेलातलं प्रतिबिंबही डोळे जाळतं. काचा लावल्यात का हे प्रत्येक मुलामागे मोठ्या माणसाने स्वतः बघायचं, मुलाच्या शब्दावर सोडायचं नाही.

शिडाचा_दोर

वेगाचाही एक प्रयोग जोडा. जुन्या जहाजावर लाकडी फळी दोराला बांधून मागे टाकत, दोराला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ, आणि २८ सेकंदांची वाळूची घडी. तेवढ्यात जितक्या गाठी हातातून गेल्या तितके सागरी मैल ताशी. वाचनालयाच्या अंगणात मुलगा फळी घेऊन चालेल आणि दुसरा दोर सोडेल. ओला दोर आखडतो, दमट हवेत वाळू अडते, दोन्हींमुळे आकडा खोटा येतो. म्हणून जहाजावर दोर आणि घडी पुन्हा पुन्हा तपासत. दोर आधी भिजवून, ताणून मगच गाठी मोजा.

गंगापूर_रोड

आणि मिडशिपमनला जहाजावर रोजनिशी लिहावी लागे ना? तिचं एक पान मुलांकडून भरून घेता येईल का?

तांडेल

जरूर घ्या. एका पानावर तारीख, वारा, आकाश, आपण घेतलेला वेध आणि त्याचा हिशेब, आणि एक रेखाटन. जहाजावर रेखाटनाचा विषय यंत्राचा भाग, बंदराचा नकाशा, नांगराची रचना असा काहीही असे. वरिष्ठ अधिकारी ती तपासून सही करत आणि पुढच्या मंडळापुढे ती ठेवावी लागे. सर्वांत जास्त ताशेरे दोन गोष्टींवर पडत: शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेला मजकूर आणि आठवड्याच्या शेवटी एकदम भरलेली पानं. दोन्ही लगेच ओळखू येतात, कारण वारा सगळ्या दिवशी एकाच दिशेचा निघतो.

मुलांसाठी रेखाटनाला पाच वल्ह्यांची २७ फुटी व्हेलर होडी द्या. एका बाजूला तीन वल्ही, दुसऱ्या बाजूला दोन. तरी ती सरळ कशी जाते हे चित्र काढताना मुलं विचारतातच, मग सुकाणू आणि वल्ह्यांच्या जागा समजावता येतात.

सप्तशृंग

तक्त्यांचा क्रम असा लावतो. १६७७ ची परीक्षा आणि दाखल्याची यादी, हजेरीपटावरची खोटी नावं, पोर्ट्समथ ते डार्टमथ, अ‍ॅनापोलिस, लष्कर आणि नौदलाचे हुद्दे शेजारी शेजारी, भारत १९२७ ते २००९, आजचे प्रवेश, आणि आठवा वॉचकीपिंगचा. दोर, तेलाचं ताट आणि गाठींची दोरी अंगणात. एकच शंका: डफरिन भारतीय नौदलाच्या तक्त्यात ठेवू की वेगळं?

तांडेल

त्याच तक्त्यात, पण वेगळ्या रंगाच्या चौकटीत, 'व्यापारी जहाजांसाठी' असं लिहून. डफरिननंतर १९७२ मध्ये 'राजेंद्र' आणि १९९३ पासून नवी मुंबईत 'चाणक्य' ही ओळ त्याखाली द्या. बारावीनंतर जहाजावर जायचं म्हणणारी निम्मी मुलं खरं तर त्याच वाटेबद्दल विचारत असतात. तिथे अधिकाऱ्याची पात्रता केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याच्या परीक्षेने ठरते, यूपीएससीचा तिथे संबंध नाही. हे चौकटीतच लिहिलंत तर चौकशीला येणाऱ्या पालकांचा वेळ वाचेल.